घरांतील रसायन : पिवळा थेंब आणि मोरींतील बादली

मागील दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या घरीं एक प्रसंग घडला. तो न सांगतां ठेवणें योग्य नव्हे असें वाटल्यावरून या महिन्याच्या टिपणाचा विषय आम्हीं तोच घेतला आहे. प्रसंगांत दोष आमचा आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. म्हणजे पुढील विवेचन वाचतांना आम्ही उपदेशकाच्या आसनावर बसलों आहों, असें वाचकांस वाटणार नाहीं.

आमचें घर एकत्र कुटुंबाचें. आई, वडील बंधु, वहिनी, आम्ही उभयतां, मुलें, पुतणे मिळून पानावर बसणारीं तेरा माणसें. दिवाळीच्या आधीं आठवडाभर घरांत जी घासपूस चालते तिचें वर्णन या मासिकाच्या वाचकांस करावयास नको. देवघरांतील समया चिंचेनें निघतात, चांदीचीं भांडीं राखेनें. परंतु आरसे व खिडक्यांच्या कांचा यांसाठीं यंदा आम्हीं अमोनियाचें पाणी आणलें होतें. मूळ डबा मोठा व उचलण्यास अवघड, म्हणून त्यांतलें निम्में पाणी आम्हीं स्वतः सरबताच्या एका रिकाम्या बाटलींत ओतून ठेवलें. बाटलीवर चिठ्ठी लावावी हें मनांत आलें होतें. पण हातांतलें काम टाकून चिठ्ठी कोण लिहितो, या आळसानें तें राहून गेलें. ती बाटली फिरत फिरत मोरीच्या फळीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, आमच्याकडे पंधरा वर्षें काम करणाऱ्या बाई मोरी घासावयास गेल्या. कांचा त्या पाण्यानें लखलखीत झालेल्या त्यांनीं पाहिल्या होत्या, तेव्हां फरशीसहि तें चालेल अशा समजुतीनें त्यांनीं बाटली बादलींत ओतली. फरशीचे डाग निघेनात म्हणून कपड्यांचे डाग घालविण्याचें ब्लीचचें पाणीहि त्याच बादलींत ओतलें. दार लोटलेलें, खिडकी वीतभर. कांहीं क्षणांतच ठसक्याचा आवाज आला. वहिनींनीं धांव घेतली, दार सताड उघडलें व बाईंना हाताला धरून अंगणांत आणून बसविलें. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, छातींत जळजळ, आणि खोकला थांबेना. डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं सायंकाळपर्यंत नजरेखालीं ठेवून मग घरीं जाऊं दिलें. नंतर आठ दिवस त्यांचा खोकला हटला नाहीं.

नवव्या दिवशीं बाई कामावर आल्या. रागावल्या नव्हत्या. ओटा पुसतां पुसतां त्यांनीं आम्हांस एवढेंच विचारलें, "दादा, त्या बाटलींत काय होतं, तें आधीं कां नाहीं सांगितलंत?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच दिवशीं आमच्या पुतण्यानेंहि एक प्रश्न केला. "काका, दोन्हीं पाणीं सफाईचींच ना? मग एकत्र झाल्यावर तीं विषारी कशीं झालीं?" या दुसऱ्या प्रश्नास मात्र उत्तर आहे, आणि तें दोन शतकांपूर्वींच्या एका विलक्षण पदार्थापाशीं जाऊन पोंचतें. तें आज सविस्तर पाहूं.

अमोनिया हा वायु आहे. बाजारांत मिळतें तें त्या वायूचें पाण्यांतील मिश्रण होय. अमोनियाच्या प्रत्येक रेणूंत नत्र म्हणजे नायट्रोजनचा एक अणु मध्यें असतो व त्याला हायड्रोजनचे तीन अणु चिकटलेले असतात. चुलीवर ठेवलेल्या तिवईची कल्पना करावी; माथ्यावर नायट्रोजन, तीन पायांच्या जागीं तीन हायड्रोजन. आतां ब्लीचच्या पाण्यांत क्लोरीनयुक्त असा एक पदार्थ असतो. तो या तिवईच्या जवळ आला कीं एकेका हायड्रोजनला बाजूस सारून त्याच्या जागीं क्लोरीनचा अणु आणून बसवितो. एक पाय बदलला म्हणजे मोनोक्लोरामाइन, दोन बदलले म्हणजे डायक्लोरामाइन, आणि तिन्ही बदलले म्हणजे नायट्रोजन ट्रायक्लोराइड, ज्याला ट्रायक्लोरामाइन असेंहि दुसरें नांव आहे. कोणता पदार्थ किती होईल हें क्लोरीन किती आहे व पाणी आम्ल कीं अल्कधर्मी, यांवर अवलंबून असतें. पाणी अल्कधर्मी असेल व अमोनिया भरपूर असेल तर मुख्यतः पहिला होतो. क्लोरीन वाढत गेला व पाण्यांत आम्लता आली कीं दुसरा आणि तिसरा यांचें प्रमाण वाढतें.

आमच्या बादलींत बहुतांशीं पहिला, आणि कांहीं अंशीं दुसरा पदार्थ झाला असावा. यांची वाफ डोळे, नाक व श्वासनलिका यांच्या ओल्या त्वचेस झोंबते, तेथें दाह करते, आणि मात्रा अधिक झाली तर फुप्फुसांत पाणी सांठण्यापर्यंत मजल जाते. बंद खोलींत अशा मिश्रणानें माणसें अत्यवस्थ झाल्याचीं उदाहरणें वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. आमच्या बाईंचें दैव बलवत्तर आणि वहिनींचे पाय चपळ, म्हणून आठ दिवसांच्या खोकल्यावर निभावलें.

परंतु या त्रयीमधील तिसरें भावंड कोणत्या स्वभावाचें आहे, हें समजून घेतल्यावांचून या घराण्याची ओळख पुरी होत नाहीं.

आपल्याकडे पितळेच्या भांड्यांस कल्हई करणारा कारागीर तापलेल्या भांड्यांत एक पांढरी पूड टाकतो व भपकन् पांढरा धूर निघतो, तें दृश्य मोठ्या माणसांनीं तरी पाहिलेलें असेल. ती पूड म्हणजे नवसागर. नवसागरांत अमोनिया व क्लोरीन हीं दोन्हीं आहेत, पण शांतपणें नांदणारीं; क्लोरीन तेथें स्वस्थ बसलेला असतो, नायट्रोजनला चिकटलेला नसतो. १८११ सालीं पिएर लुई द्युलाँ नांवाच्या सव्वीस वर्षांच्या फ्रेंच तरुणानें नवसागराच्या पाण्यांत क्लोरीन वायु सोडून पाहिला. हा तरुण शिक्षणानें वैद्य. पण गरिबांकडून पैसे घेणें त्याला जमेना, आणि पुढें वैद्यकी सोडून तो रसायनाकडे वळला. त्याच्या पात्रांत हळूहळू पिवळसर, तेलासारखे थेंब तयार झाले. पाण्याहून जड असल्यामुळें ते तळाशीं जाऊन बसत. दिसण्यांत ते अगदीं निरुपद्रवी, एखाद्या वाटींत सांडलेल्या गोडेतेलासारखे. त्या थेंबांनीं द्युलाँचा एक डोळा नेला व हाताचीं दोन बोटें नेलीं. विशेष हें कीं, पहिला स्फोट झाल्यावरहि त्यानें काम सोडलें नाहीं. दुसऱ्यांदा तो त्याच पदार्थाकडे वळला व दुसऱ्यांदाहि घायाळ झाला. पुढें प्तीत याच्या सहाय्यानें घन पदार्थांच्या उष्णतेविषयीं जो नियम त्यानें १८१९ सालीं मांडला, तो महाविद्यालयांत आजहि या दोघांच्या नांवानें शिकविला जातो. तें सर्व कार्य त्यानें एका डोळ्यानें केलें.

त्या वेळीं इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्यें युद्ध चालू होतें. तथापि विद्वानांचा पत्रव्यवहार कांहीं प्रमाणांत टिकून होता. विजेच्या शास्त्रांत ज्याचें नांव अजरामर झालें त्या अँपिअरनें १८१२ सालीं लंडनच्या हम्फ्री डेव्हीस पत्र लिहून या नव्या स्फोटक द्रव्याची व त्यानें संशोधकाच्या केलेल्या हानीची वार्ता कळविली. द्रव्य कसें करावें याची कृति मात्र पत्रांत नव्हती. डेव्ही हा स्वस्थ बसणारा पुरुष नव्हे. क्लोरीन हें मूलद्रव्य आहे असें १८१० सालीं प्रतिपादून त्याला हें नांव देणारा तोच. त्यानें स्वतःच्या अकलेनें कृति शोधून काढली, आणि त्याच वर्षींच्या शरदृतूंत त्याच्याहि हातांत नळी फुटून कांचेचा कण डोळ्यांत शिरला. कित्येक दिवस त्याला लिहिणें-वाचणें अशक्य झालें.

याच सुमारास एका पुस्तकें बांधणाराच्या दुकानांत उमेदवारी केलेला, शाळेंत फारसा न गेलेला एक तरुण डेव्हीच्या व्याख्यानांचीं टिपणें सुवाच्य अक्षरांत उतरवून, तीं स्वतः बांधून, त्याच्याकडे नोकरीची याचना करीत होता. डोळा दुखावलेल्या डेव्हीला लेखनिक हवा होता. कांहीं दिवस तें काम या तरुणास मिळालें. पुढें रॉयल इन्स्टिट्यूशनमधील मदतनीसाची जागा रिकामी झाली तेव्हां डेव्हीस त्याची आठवण झाली, आणि १ मार्च १८१३ रोजीं त्याची नेमणूक झाली. तो तरुण म्हणजे मायकेल फॅरेडे. ज्याच्या शोधांतून विजेचा जनित्र जन्मास आला, व ज्याच्या कृपेनें आज आपल्या घरांत पंखे व दिवे चालतात, त्याच्या विज्ञानमंदिरांतील प्रवेशास या पिवळ्या थेंबाचा थोडासा हात लागला होता, हें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

प्रवेश झाला तोहि त्याच थेंबाच्या सहवासांत. फॅरेडेस प्रारंभींच्या आठवड्यांतच या द्रव्यावर काम करावें लागलें. चार मोठे स्फोट झाले. त्यांतील सर्वांत भयंकर स्फोटाचे वेळीं त्यानें हातांत धरलेल्या लहानशा नळींत साडेसात ग्रेन द्रव्य होतें. सोनाराच्या मापानें चार गुंजा, म्हणजे अर्धा मासा. एवढ्याशा थेंबानें त्याची मूठ झटक्यासरशीं उघडली गेली व एका नखाचा तुकडा उडाला. त्याचें तोंड नळीपासून फूटभरच अंतरावर होतें. पण त्यानें कांचेचा मुखवटा चढविला होता म्हणून डोळे वांचले. आपल्या एका मित्रास पाठविलेल्या पत्रांत त्यानें हा सर्व वृत्तांत एप्रिल १८१३ मध्यें लिहून ठेवला आहे.

चार गुंजा द्रव्यांत इतकें बळ आलें कोठून? याचें उत्तर अणूंच्या आवडीनिवडींत आहे. नायट्रोजनचे दोन अणु परस्परांस भेटले म्हणजे त्यांच्यांत तिहेरी बंध पडतो. रसायनशास्त्रांतील अत्यंत बळकट बंधांपैकीं हा एक. एक मोल बंध तोडावयास सुमारें ९४५ किलोज्यूल शक्ति खर्च करावी लागते. मोल हें रसायनशास्त्राचें एक माप आहे. या पिवळ्या द्रव्याच्या बाबतींत एक मोल म्हणजे सुमारें १२० ग्रॅम. उलट नायट्रोजन व क्लोरीन यांच्यामधील बंध फार दुबळा, सुमारें दोनशें किलोज्यूलच्या आंतबाहेरचा. म्हणजे या रेणूंत नायट्रोजन तीन क्लोरीनशीं कसाबसा बांधलेला असतो, आणि त्याचें सर्व चित्त दुसऱ्या नायट्रोजनकडे लागलेलें असतें. किंचित् धक्का लागला कीं ते दुबळे बंध तुटतात. दोन नायट्रोजन एक होतात, क्लोरीनच्या जोड्या जमतात, आणि दर मोलामागें सुमारें २३० किलोज्यूल उष्णता एकदम बाहेर पडते. शिवाय जें द्रव्य मोठ्या वाटींत मावेल, त्याचे नेहमींच्या तपमानासहि सुमारें साडेसहाशेंपट जागा व्यापणारे वायु होतात, आणि उष्णतेनें ते त्याहूनहि अधिक फुगतात. हें सर्व पापणी लवण्याच्या आंत घडतें. दारूकामांतील फटाक्यांत जळणारा पदार्थ वेगळा व त्यास प्राणवायु पुरविणारा पदार्थ वेगळा असतो. येथें कोणी कोणास जाळीत नाहीं. रेणु आपल्याच आंतील ताणामुळें मोडतो.

धक्का म्हणजे तरी काय? प्रखर प्रकाश, उष्णता, टर्पेंटाइनचा थेंब, तेलकटपणा, रबर, फॉस्फरसचा कण, यांपैकीं कांहींहि पुरे होतें. हें द्रव्य ७१ अंश सेल्सिअसला उकळतें, उणें ४० अंशांस गोठतें, आणि साध्या हवेंतहि त्याची वाफ सतत निघत असते. वास उग्र, डोळ्यांस पाणी आणणारा. पाण्यांत तें विरघळत नाहीं म्हटलें तरी चालेल. मात्र पाण्याच्या सान्निध्यांत हळूहळू मोडून त्याचे पुन्हां अमोनिया व ब्लीचमधील आम्ल बनतात. पाण्याहून घनता दीडपटीपेक्षां अधिक, १.६५ इतकी. वाफ व द्रव या दोन्हीं रूपांनीं दगा देणारा असा हा पदार्थ आहे.

असें द्रव्य मुद्दाम करून ठेवणारा कोणी शहाणा मनुष्य नाहीं. परंतु न करतांहि तें होतें, हा त्याचा खरा धोका. क्लोरीनच्या कारखान्यांत मिठाच्या पाण्यांतून वीज सोडून क्लोरीन काढतात. त्या पाण्यांत अमोनियाचा अंश राहिला तर क्लोरीनबरोबर थोडें नायट्रोजन ट्रायक्लोराइडहि तयार होतें. क्लोरीन थंड करून द्रवरूप केला कीं तें त्यांत मिसळून राहतें. क्लोरीन उणें ३४ अंशांसच उकळतो, आणि हें द्रव्य ७१ अंशांस. त्यामुळें टाकींतील क्लोरीन उडून जातो व तळाशीं हें घट्ट होत राहतें; दूध आटून खवा तळाशीं राहावा तसें. अशा टाक्यांचे स्फोट पूर्वीं झालेले आहेत, म्हणून जाणते कारखानदार मिठाच्या पाण्यांतील अमोनियावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

आतां याच पदार्थाची दुसरी एक कथा ऐकावी, कारण ती स्वयंपाकघराशीं संबंध ठेवणारी आहे. ताजें दळलेलें गव्हाचें पीठ किंचित् पिवळसर असतें. कांहीं आठवडे ठेवल्यावर हवेनें तें आपोआप पांढरें होतें व त्याचा पावहि चांगला फुगतो. इतके आठवडे वाट पाहावयास गिरणीवाल्यांस सवड नव्हती. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पाश्चात्य देशांतील गिरण्यांनीं पिठावरून या नायट्रोजन ट्रायक्लोराइडची अत्यंत विरळ वाफ हवेबरोबर सोडण्याची युक्ति काढली. व्यापारी नांव एजीन. पीठ घटकेंत पांढरें होई, पाव पिसासारखा हलका येई. इंग्लंडांतील बहुतेक पांढरें पीठ याच रीतीनें तयार होऊं लागलें.

पुष्कळ वर्षें कोणास शंका आली नाहीं. त्याच काळांत कुत्र्यांमध्यें एक चमत्कारिक रोग पसरलेला होता. बरें असलेलें कुत्रें एकाएकीं भ्रमिष्टासारखें धांवत सुटे, भिंतीवर आदळे, झटके येऊन पडे. मुडदूस व ड जीवनसत्त्व यांवर ज्याचें काम प्रसिद्ध आहे, त्या एडवर्ड मेलँबीनें १९४६ सालीं दाखवून दिलें कीं, एजीननें पांढऱ्या केलेल्या पिठाचें अन्न दिल्यास कुत्र्यांस हा रोग जडतो, आणि तेंच पीठ प्रक्रिया न करतां दिल्यास जडत नाहीं. थोड्याच वर्षांत कारणहि सांपडलें. गव्हाच्या प्रथिनांत मेथिओनीन नांवाचें एक अमिनो आम्ल असतें. त्यावर या वाफेची क्रिया होऊन मेथिओनीन सल्फॉक्सिमीन हें विष तयार होत होतें. मनुष्यास त्यापासून अपाय झाल्याचें सिद्ध झालें नव्हतें. तरीहि अमेरिकेनें १९४९ सालीं व इंग्लंडनें त्यानंतर कांहीं वर्षांनीं ही पद्धति बंद केली. सिद्ध होईपर्यंत थांबण्यापेक्षां संशयाचा फायदा खाणाराच्या पोटास देणें त्यांना युक्त वाटलें, आणि आमच्या मतें तें बरोबरच होतें. गहूं निवडून चक्कीवर दळून आणलेल्या आपल्या कणकेस या प्रकाराचा स्पर्श नाहीं. कणकेचा किंचित् पिवळा रंग हा दोष नव्हे, हें मात्र पांढऱ्यावर लुब्ध होणाऱ्या आपल्या मुलांस सांगण्यासारखें आहे.

मुलांवरून आठवलें. हल्लीं सुटींत मुलें पोहण्याच्या तलावावर जातात. तेथें जो उग्र दर्प येतो त्यास सर्वजण क्लोरीनचा वास म्हणतात, व दर्प जितका अधिक तितका तलाव निर्मळ असें समजतात. वस्तुतः तो दर्प बहुतांशीं या क्लोरामाइन घराण्याचा, विशेषतः त्यांतील तिसऱ्या भावंडाचा असतो. पाण्यांत घातलेला क्लोरीन पोहणारांच्या घामांतील व मूत्रांतील युरियाशीं भिडला कीं हीं द्रव्यें होतात, आणि ट्रायक्लोराइड सहज उडणारें असल्यामुळें तें पाण्यावरच्या हवेंत, नेमकें पोहणाराच्या नाकाशीं, येऊन राहतें. बंदिस्त तलावांवर दिवसभर उभें राहणाऱ्या कामगारांस डोळ्यांचा व घशाचा त्रास होतो असें संशोधकांस आढळलें आहे. स्वच्छ तलावास वास कमी असतो. तेव्हां उपाय सोपा आहे. नदीवर जाण्यापूर्वीं पाय धुवावे असें आपलीं वृद्ध माणसें सांगत; तलावांत उतरण्यापूर्वीं सगळें अंग साबणानें धुवावें, व मुलांस आधीं मोरीवर पाठवावें.

येथें एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे, नाहीं तर भिऊन कोणी नळाचें पाणी पिणें सोडील. अमोनियाशीं क्लोरीनचा संयोग सर्वस्वीं वाईट नाहीं. त्रयींतील पहिलें भावंड, मोनोक्लोरामाइन, अत्यल्प मात्रेंत पिण्याच्या पाण्यांतील जंतु मारण्यासाठीं अनेक देशांतील शहरांत मुद्दाम वापरतात. कारण तें लांबच्या नळांतहि दीर्घकाळ टिकतें. तेथें मात्रा मोजलेली असते व मोजणारा जाणता असतो. पावसाळ्यांत विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतात तीहि हितासाठींच. घातक काय, तर न मोजतां, न जाणतां, बंद जागेंत केलेली सरमिसळ.

आतां आमच्या बाईंच्या प्रश्नाकडे परत येऊं. द्युलाँला पहिल्या स्फोटानंतर धोका ठाऊक होता. तरी तो स्वेच्छेनें परत गेला. डेव्हीला कृति ठाऊक नव्हती, पण हें द्रव्य माणसाचा डोळा नेतें हें अँपिअरच्या पत्रानें त्याला कळलें होतें. फॅरेडेनें मुखवटा चढविला, कारण त्याच्या मालकानें डोळा दुखावून घेतलेला त्यानें पाहिला होता. या तिघांनींहि संकट पाहून त्यांत हात घातला, आणि त्यांच्या धैर्यास आपण नमस्कार करतों. आमच्या बाईंनीं हात घातला तो संकटांत नव्हे, रोजच्या बादलींत. त्यांना पत्र कोणी लिहिलें नव्हतें व मुखवटा कोणी दिला नव्हता. बाटलींत काय आहे हें जाणणारा घरांत एकच मनुष्य होता, आणि त्यानें चार अक्षरें लिहिण्याचा कंटाळा केला. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. मराठी चांगलें वाचतात. मूळ डब्यावरील सूचना इंग्रजींत होती; ती वाचून सांगणें हें आमचें काम होतें. घरांतील कष्टाचीं कामें ज्यांच्या हातून होतात त्यांच्यापर्यंत घरांतलें ज्ञान पोंचत नसेल, तर त्या घरास सुशिक्षित म्हणावें किंवा नाहीं, याचा विचार आम्ही त्या दिवसापासून करीत आहों.

विचाराबरोबर कांहीं कृतीहि केली आहे. ती येथें देतों. ज्यांस उपयुक्त वाटेल त्यांनीं घ्यावी.

ब्लीचचें पाणी किंवा ब्लीचिंग पावडर एकटी वापरावी, साध्या थंड पाण्यांतच मिसळावी. अमोनियाचें कांचा पुसण्याचें पाणी तींत कधींहि जाऊं देऊं नये. मोरी व शौचकूप यांसाठीं मिळणारें ॲसिड तर मुळींच नव्हे; कारण ब्लीच व ॲसिड एकत्र आलीं कीं थेट क्लोरीन वायु सुटतो, आणि तो विषारी आहे. सिरका व लिंबू हींहि आम्लेंच आहेत, हें विसरूं नये. मूत्रांतहि अमोनियाचा अंश असतो, म्हणून शौचकूपांत ब्लीच टाकण्यापूर्वीं भरपूर पाणी सोडावें. एक औषध वापरून झाल्यावर दुसरें वापरावयाचें तर मध्यें जागा व बादली स्वच्छ धुवावी. काम करतांना दार-खिडकी उघडी असावी.

चुकून मिश्रण झालेंच आणि डोळे चुरचुरूं लागले, तर बादली उचलून ओतण्याच्या भानगडींत न पडतां प्रथम माणसानें बाहेर पडावें. हवा खेळतीं असतील तेथें बसावें. डोळे व अंग पुष्कळ पाण्यानें धुवावें. खोकला, धाप किंवा छातींत दाटल्यासारखें वाटणें राहिलें तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. या वाफेचा परिणाम कित्येकदां कांहीं तासांनीं वाढतो, म्हणून थोडें बरें वाटलें एवढ्यावर स्वस्थ बसूं नये. खोलींतील दर्प पूर्ण जाईपर्यंत आंत कोणीं जाऊं नये.

आणि शेवटचें, जें सर्वांत स्वस्त व आमच्याकडून सर्वांत अधिक हेळसांड झालेलें. कोणतेंहि औषध मूळ बाटलींतून खाण्यापिण्याच्या बाटलींत ओतूं नये. सरबताची ती बाटली एखाद्या मुलाच्या हातीं लागली असती तर काय झालें असतें, याची कल्पना आम्हांस अजून रात्रीं जागी करते. प्रत्येक बाटलीवर मराठींत, मोठ्या अक्षरांत, नांव व कशांत मिसळूं नये तें लिहावें.

आमच्या मोरीच्या फळीवर आतां तीन बाटल्या आहेत. चिठ्ठ्या पुतण्यानें लिहिल्या. पण त्या लावण्यापूर्वीं आम्हीं बाईंस वाचावयास दिल्या व तिन्ही बाटल्यांची हकीकत समोर बसून सांगितली. त्यांनीं ऐकून घेतलें, मग एक चिठ्ठी परत केली. "दादा, 'मिश्रण निषिद्ध' असं नका लिहूं," त्या म्हणाल्या, "'ह्यांत दुसरं कांहीं ओतूं नये' असं लिहा. घाईंत तेंच कळतं." पुतण्यानें चिठ्ठी पुन्हां लिहिली. वाचकांनीं आपल्या घरीं चिठ्ठ्या लावतांना याच शब्दांत लावाव्या, अशी आमची शिफारस आहे.

पुढील महिन्यांत, वर ज्याचा ओझरता उल्लेख आला त्या नवसागराविषयीं व कल्हईच्या भांड्यांविषयीं लिहिण्याचा विचार आहे.